देशमुख, पण कुठले?

मराठवाड्यात लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी देशमुख शेजारी बसले की पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही कुठले देशमुख?" उत्तरात गाव येतं. मग "म्हणजे औशाकडचे का?", "नाही, आम्ही पाथरीकडचे" असं होत होत दोन-चार सोयरिकी निघतात. विचारणाऱ्याला कळो न कळो, त्याचा प्रश्न अगदी योग्य जागी लागलेला असतो. नुसतं 'देशमुख' ऐकून माणसाचं घराणं कळत नाही. गाव कळलं की थोडं कळतं. परगणा कळला की खरा शोध सुरू होतो.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि खासरा, शेतवार, मुंतखब हे जुन्या जमीन-दफ्तरातले शब्द पुन्हा चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. कुणबी दाखल्यासाठी का होईना, लोक पणजोबांच्या नावापर्यंत पोचले. पण पुष्कळांचा शोध एका चुकीच्या दिशेने जातो. जुन्या यादीत आपलं आडनाव दिसलं की तो माणूस आपलाच पूर्वज, असं ते धरून चालतात. देशमुखांसारख्या आडनावाच्या बाबतीत हे गृहीतक पार फसवं आहे. असं का, आणि मग शोधायचं कसं, हे मी इथे सांगणार आहे. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, नाईक, इनामदार या आडनावांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हुद्दा, मग आडनाव

देशमुखी हे वतन होतं. गावाचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे, तसा अनेक गावं मिळून झालेल्या परगण्याचा कारभार देशमुख-देशपांड्यांकडे. पाटलाचं मोठं रूप देशमुख, कुलकर्ण्याचं मोठं रूप देशपांडे. देशमुखाने परगण्यात लागवड वाढवायची, रयतेला कौल देऊन ओसाड जमिनीवर बसवायचं, सरकारशी साऱ्याचा आकडा ठरवायचा, वेळ पडली तर माणसं घेऊन उभं राहायचं. देशपांड्याने त्याचं दफ्तर ठेवायचं. मोबदला म्हणून इनाम जमीन, वसुलीतला हक्क आणि मानपान. पोळ्याला पहिली बैलजोडी कुणाची, होळीची पोळी आधी कुणाची, पानविडा आधी कुणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. ती भांडणं कागदावर उतरली म्हणून आज आपल्याला या घराण्यांची माहिती मिळते. वतनाच्या तंट्यांबद्दल आपण एरवी नाक मुरडतो. पण वंशावळ शोधणाऱ्यासाठी तंटा हाच सगळ्यात बोलका कागद. हक्क सिद्ध करायचा तर वादी-प्रतिवादी दोघांनाही आपापले बाप-आजे-पणजे मोजून दाखवावे लागत.

बहमनी गेली, निजामशाही गेली, मोगल आले, पुढे निजाम आणि मराठे आले. देशमुख बहुतेक जागच्या जागी राहिला. वरच्या सरकारला परगण्यातली जमीन आणि माणसं ओळखणारा कुणीतरी हवाच होता. आणि प्रत्येक परगण्यात हा माणूस वेगळ्या घरातला होता. कुठे मराठा, कुठे ब्राह्मण, कुठे लिंगायत, कुठे मुसलमान. आजही मराठवाड्यात या सगळ्या समाजांत देशमुख आहेत. त्यांचा मूळ पुरुष एक असण्याचं काही कारण नाही. गावपातळीवरही तेच झालं. पाटीलकी मुसलमान घराकडे असलेल्या गावात त्या घराचं आडनाव बहुधा 'पटेल' झालं, आणि मराठवाड्यातला पटेल गुजरातेतून आला असावा असं बाहेरच्यांना वाटत राहिलं.

मग मूळ आडनाव काय? काही घराण्यांनी ते सोडलंच नाही. सिंदखेडचे जाधव तिथले देशमुख होते. पण लखुजी जाधवांना आपण लखुजी देशमुख म्हणत नाही. वेरुळचे भोसले पाटील होते; मालोजीराजांचं घराणं भोसलेच राहिलं. जालना जिल्ह्यातल्या जांबच्या ठोसरांकडे कुलकर्णीपण होतं. समर्थ रामदास त्या घरातले, नारायण सूर्याजी ठोसर. म्हणजे एका घराकडे दोन नावं असत, एक कुळाचं आणि एक कामाचं. कुणाचं कुळाचं टिकलं, कुणाचं कामाचं. तुमच्या घरात 'देशमुख' टिकलं असेल तर त्याच्या खाली दुसरं एक नाव दडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. लग्नपत्रिकेत, देवकाच्या वेळी, कुलदैवताला गेल्यावर पुजाऱ्याने विचारल्यावर घरातली म्हातारी माणसं ते सांगतात. एरवी ते कुणी उच्चारत नाही.

आणखी एक गुंता आहे. वतनाच्या वाटण्या होत. एका देशमुखीचे भावाभावांत हिस्से पडत. त्यांना तक्षिमा म्हणत. एखादी तक्षिम कर्जापायी, दंडापायी विकली जाई, आणि निम्मी देशमुखी वेगळ्याच घराकडे, कधी वेगळ्या जातीच्या घराकडेही जाई. त्यामुळे एकाच परगण्यात, एकाच गल्लीला लागून राहणारे दोन देशमुख रक्ताने परके असू शकतात. गढीची पांढरी माती गावाने माळवदावर टाकायला नेली, बुरूज खचला, पण 'ती गढी त्यांची, ही यांची' हे गाव विसरत नाही. ते जरूर टिपून घ्यावं.

साठ-सत्तर वर्षांत काय बदललं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठवाड्याचा बराच भाग एका सरकारचा नव्हता. १७६०ची उदगीरची लढाई, १७९५ची खर्ड्याची लढाई, या दरम्यान गावं निजामाकडून पेशव्यांकडे आणि परत अशी फिरली. निजामाच्या गावातूनही मराठ्यांची चौथाई, म्हणजे पंचवीस टक्के, आणि सरदेशमुखी, म्हणजे दहा टक्के, वसूल होत असे. एकाच गावावर दोन अमल. मराठी कागदांत निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' म्हटलेलं सापडतं, ते बघून दचकू नये. १८१८मध्ये पेशवाई संपली, आणि १८२२च्या तहाने इंग्रजांनी निजामाला चौथाईच्या देण्यातून मोकळं केलं. तेव्हापासून मराठवाडा बव्हंशी एका छत्राखाली आला. याचा शोधणाऱ्यासाठी सरळ अर्थ असा: १८१८च्या आधीचे कागद हैदराबादेइतकेच पुण्यातही असू शकतात.

त्यापुढची तीसेक वर्षं रयतेला फार वाईट गेली. निजामाचे पेशकार चंदुलाल यांच्या हाती १८४३पर्यंत कारभार होता. तिजोरी रिकामी, कर्ज डोक्यावर, म्हणून सारावसुलीचे मक्ते दिले जात. जो जास्त रकमेची बोली लावेल त्याला मुलूख मिळायचा. त्या मक्तेदारालाच तेव्हा तालुकदार म्हणत. त्याने उचल भरलेली, ती रयतेकडून काढायची. पुढच्या वर्षी दुसरा आला तर? म्हणून याच वर्षी ओरबाडायचं. या धुमश्चक्रीत काही देशमुख दबले, काही स्वतःच मक्तेदार होऊन फुगले, काहींनी गावं सोडली. याच काळात वंशावळीत खळगा पडतो. एखादी शाखा एकदम दिसेनाशी होते आणि पन्नास कोसांवर नव्या गावात नव्या नावाने उगवते. नवं नाव बहुतेक वेळा जुन्या गावाचं असतं. धारूर सोडून गेलेला धारूरकर, औसा सोडलेला औसेकर, उदगीर सोडलेला उदगीरकर. धारुरात राहणाऱ्याला धारूरकर म्हणायची गरज कुणाला पडणार? हे आडनाव गाव सोडल्यावरच चिकटतं. म्हणून 'कर' हा शेवट दिसला की माणूस आज जिथे आहे तिथले कागद थोडेच सापडतील, त्याने सोडलेल्या गावाचे जास्त, हे धरून चालावं.

१८५३मध्ये सालारजंग निजामाचे दिवाण झाले आणि १८८३पर्यंत राहिले. त्याच १८५३ साली निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पट्टा इंग्रजांच्या हवाली करावा लागला. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. रायचूर आणि धाराशिव १८६०मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. धाराशिवकडच्या घराण्यांनी ही सात वर्षं ध्यानात ठेवावी; त्या काळाचा काही पत्रव्यवहार इंग्रजीत आहे.

सालारजंगांनी मक्ते मोडत आणले आणि १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी केली. राज्याचे जिल्हे आणि तालुके पाडले, पगारी अधिकारी नेमले. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अव्वल तालुकदार' म्हणू लागले, म्हणजे कालपर्यंत मक्तेदाराचं असलेलं नाव आता पगारी कलेक्टराचं झालं. (१८५०चा तालुकदार आणि १८७०चा तालुकदार एकच समजून लिहिलेले घराण्यांचे इतिहास मी वाचले आहेत. फरक जमीन-अस्मानाचा आहे.) आता सरकारचा माणूस थेट गावात येऊन सारा घेऊ लागला. मधल्या देशमुखाला काम उरलं नाही. त्याच्या वसुलीच्या हक्काच्या बदल्यात सरकारने रोख रक्कम बांधून दिली. तिला रुसूम म्हणत.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. काम गेलं, नाव राहिलं. वतन चालू होतं तोवर 'देशमुख' हे नाव गादी चालवणाऱ्याला आणि तक्षिमदारांना शोभत होतं. त्यावर दावा सांगणाऱ्याला जाब विचारला जाई. हुद्दा निव्वळ मानाचा झाल्यावर चुलत-चुलत भावांनीही तो लावायला अडचण उरली नाही. शाळेचा दाखला, कोर्टाचा अर्ज, रेल्वेतली नोकरी आली तेव्हा प्रत्येकाला कायमचं एक आडनाव लिहून द्यावं लागलं, आणि भावकीतल्या सगळ्यांनी तेच दिलं. आज मराठवाड्यात देशमुख इतके आहेत याचं मोठं कारण देशमुखीच्या भरभराटीपेक्षा तिच्या अखेरीत आहे, असं माझं मत झालं आहे.

गावच्या कागदात आडनाव नसतंच

आता प्रत्यक्ष शोधाकडे. एकोणिसाव्या शतकातल्या गावकागदात आडनाव शोधू नका. तिथे माणूस असा लिहिलेला असतो: 'कोंडजी वल्द माणकोजी, सा. मौजे अमुक'. पेशवाईतल्या कागदात 'वल्द'च्या जागी 'बिन' दिसेल. दोन्हींचा अर्थ 'चा मुलगा'. 'सा.' म्हणजे साकीन, राहणार. 'मौजे' साध्या गावाला, 'कसबे' बाजारपेठेच्या गावाला. उर्दू-फारसी कागदात पुढे 'कौम' म्हणजे जात आणि 'पेशा' म्हणजे धंदा. बाईचं नाव 'जौजे' म्हणून नवऱ्याच्या नावासोबत येतं. म्हणजे ओळख ठरते ती चार गोष्टींनी: स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात. आडनाव असलं तर वरकड.

इथे आपल्याकडच्या एका रीतीने शोध फार अवघड होतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. त्यामुळे कोंडजी वल्द माणकोजी, मग माणकोजी वल्द कोंडजी, मग पुन्हा कोंडजी वल्द माणकोजी, अशी साखळी शंभर वर्षं चालते. दोन कागदांत 'कोंडजी वल्द माणकोजी' दिसला तर तो एकच माणूस की आजा-नातू? फक्त साल सांगेल. दोन नोंदींत दहा-पंधरा वर्षांचं अंतर असेल तर बहुधा एकच. पन्नास-साठ वर्षांचं असेल तर बहुधा नातू. म्हणून वंशावळ लिहिताना नावाशेजारी कागदाचं साल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सालाशिवायची वंशावळ दोन पिढ्या गिळते किंवा दोन जास्तीच्या घालते.

आणि साल वाचणं हेच एक शास्त्र आहे. समजा, कागदावर १२१० आहे. तो आकडा हिजरी असेल तर इसवी सन १७९५-९६. फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर १८००-०१. सुहूर सन असेल तर १८०९-१०. एकच आकडा, तीन वेगवेगळी वर्षं. मराठी मोडी कागदात सुहूर सन अरबी शब्दांत लिहीत: 'सन अशर मयातैन व अलफ' म्हणजे दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१०. त्यात ५९९ मिळवा. मृगाच्या आरंभी जून महिन्यात ते वर्ष सुरू होई, म्हणून वर्षाच्या उत्तरार्धातल्या तारखेला ६००. निजामी दफ्तरातल्या फसलीत ५९० मिळवा, उत्तरार्धाला ५९१. पुढे या फसलीला आझुर, दै, बहमन असे इराणी महिने आले आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होऊ लागलं. 'बहमन १३०९ फसली' म्हणजे डिसेंबर १८९९च्या आसपास. मोठ्या दुष्काळाचा तो हंगाम. शकात ७८ मिळवायचे, ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

मागे मागे जायचं

घरापासून सुरुवात करा. सातबारा आणि फेरफार पहिले. मराठवाड्यात त्यामागचा सगळ्यात भक्कम टप्पा म्हणजे १९५४-५५चं खासरा पत्रक. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात ते मिळतं. त्यात शेतवार नावं, सर्व्हे नंबर आणि कसणारा कोण ते आहे. इथे एक युक्ती सांगतो, जिच्यावर माझा फार भरवसा आहे: माणसाच्या नावाचा पाठलाग करण्याआधी शेताच्या नंबराचा पाठलाग करा. १८७०च्या दशकापासून मराठवाड्यात मोजणी आणि जमाबंदी होत गेली आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. माणसाचं नाव लेखनिकाच्या हातात वेडंवाकडं होतं, आडनाव कधी असतं कधी नसतं, पण तो नंबर कागदामागून कागदात तसाच चालत येतो. आज तुमच्या उताऱ्यावर गट नंबर असेल तर जमीन एकत्रीकरणाच्या योजनापत्रकात जुना-नवा मेळ आहे. तो जुना नंबर घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक, पक्का बुक, क्लासर रजिस्टर ही मोजणी-जमाबंदीची कागदपत्रं मागा. जमाबंदीच्या वेळी त्या नंबरावर कुणाचं नाव होतं, ते कळलं की तुम्ही थेट एकोणिसाव्या शतकात पोचलात.

जमीन इनाम असेल तर 'मुंतखब' शोधा. इनामाची चौकशी होऊन सरकारने दिलेला तो निवाडा. मूळ सनद कुणी, कुणाला, कशासाठी दिली, तेव्हापासून वारस कोण कोण, हे त्यात येतं. देशमुखी, देशपांडेपण, काझीपण, देवस्थान, दर्गा, सगळ्यांची मुंतखबं आहेत. एका मुंतखबात कधी कधी चार-पाच पिढ्या सापडतात. वंशावळीसाठी याहून मोलाचा कागद मराठवाड्यात दुसरा नाही.

गाव जहागिरीचं असेल तर वाट वेगळी. निजामाच्या राज्याचा साधारण साठ टक्के भाग दिवानी, म्हणजे सरकारी महसूल खात्याखाली होता. उरलेल्यात जहागिरी, पायगा (फौज बाळगणाऱ्या उमरावांच्या जहागिरी) आणि निजामाची खासगी जमीन, सर्फ-ए-खास. त्यांची दफ्तरं ज्याची त्याच्याकडे. १९४९मध्ये जहागिरी संपल्या तेव्हा सगळंच दफ्तर सरकारजमा झालं असं नाही. त्यामुळे शेजारच्या गावाच्या नोंदी आहेत आणि आपल्याच नाहीत, असं दिसलं तर आधी विचारावं: आपलं गाव तेव्हा कुणाचं होतं?

त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: आपलं गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं? उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होतं. लातूर जिल्हा १९८२चा, जालना १९८१चा, हिंगोली १९९९चा. परतूरचे जुने कागद परभणीच्या, अंबड-भोकरदनचे औरंगाबादच्या नावाखाली असणार. अंबाजोगाईला निजामी कागदात मोमिनाबाद म्हटलं आहे. आणि जिल्हाबंदीच्या आधी तर जिल्हाच नाही. तिथे परगणा आणि त्यावर 'सरकार', म्हणजे अनेक परगण्यांचा विभाग. अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. पाथरीच्या देशमुखांचा जुना कागद वऱ्हाडच्या नावाने निघाला तर तो चुकून तिथे गेलेला नसतो.

मोठी दफ्तरं दोन. हैदराबादला तार्नाका भागात तेलंगण राज्याचं पुराभिलेखागार आहे. शाहजहान-औरंगजेबाच्या काळापासूनची फारसी कागदपत्रं आणि पुढे निजामी दफ्तर तिथे आहे. पुण्यात पेशवे दफ्तर, रुमालांत बांधलेलं, मोडीत. पुण्यासाठी मोडी यावी लागते. ती नेट लावून शिकता येते, वर्ग चालतात. हैदराबादसाठी फारसी-उर्दू, तीही शिकस्ता वळणाची, ज्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असतात आणि आकडे सियाक या जुन्या हिशेबी पद्धतीने लिहिलेले. निजामी दरबारात १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. गावात मात्र कुलकर्णी, ज्याला मराठवाड्यात पटवारी म्हणत, मोडीतच लिहीत राहिला. शिकस्ता वाचणारी जुनी माणसं आपल्या शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत अजून आहेत. त्यांच्याकडे आजच जायला हवं. ही वाचणारी पिढी गेली तर कपाटात कागद असून आपण आंधळे होऊ, आणि याची काळजी मला कागदाला लागणाऱ्या वाळवीपेक्षा जास्त वाटते.

गॅझेटियरबद्दल एक शब्द. १८८४चं औरंगाबादचं गॅझेटियर किंवा हैदराबाद राज्याचं १९०९चं, ही पुस्तकं मुलूख समजायला उत्तम आहेत. जातवार संख्या, पिकं, रस्ते, बाजार त्यांत मिळतात. निजामी राज्यातली पहिली रीतसर जनगणना १८८१ची, तिचे आकडेही. पण त्यांत तुमच्या पणजोबांचं नाव मिळणार नाही. कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरवर शासनाने २ सप्टेंबर २०२५ला निर्णय काढला, तेव्हापासून अनेकांची समजूत झाली आहे की त्यात घराण्यांची यादी आहे. ती त्यात नाही. अमुक मुलखात अमुक लोक किती होते, एवढं ते सांगतं. अमुक माणूस त्यांतला, हे गावच्या कागदानेच दाखवावं लागतं.

कागद तुटला की तीर्थ. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, प्रयाग, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नोंदी आहेत. अस्थी घेऊन गेलेल्या मुलाने बापाचं, आजाचं, भावांचं नाव आणि गाव सांगितलेलं असतं, पुष्कळदा स्वतः सही केलेली असते. उपाध्यांना आडनाव सांगून थांबू नका. गाव सांगा, आज राहता ते आणि त्याआधीचं, दोन्ही.

भावकी आणि सोयरे

शेवटी एक साधन असं आहे की त्याला कचेरीत जावं लागत नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला दोन प्रश्न विचारा. पहिला: आपण सुतक कुणाकुणाचं धरायचो? पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या गावात कोण वारलं म्हणजे आपल्या घरी चूल थंड व्हायची? ही जी घरं ती सांगेल ती तुमची भावकी, एका मूळ पुरुषाची. मग त्यांच्यातले काही आज 'पाटील' लावोत, काही 'कर' लावोत. दुसरा: आपल्या मुली कुणाकडे दिल्या आणि सुना कुठून आणल्या? देशमुखांनी देशमुखांत लग्नं केली असतील तर ती दोन घराणी वेगळ्या कुळांची आहेत, हे लगेच सिद्ध होतं. एका देवकात सोयरीक होत नाही. आत्या, मावश्या, आज्या यांची माहेरं गावांसह लिहून काढली की परगण्याचा नकाशाच हाती येतो, कारण जुन्या सोयरिकी बैलगाडीच्या टप्प्यात, बहुधा शेजारच्या परगण्यातल्या वतनदारांशी होत.

सरकारी कागदात 'जौजे' म्हणून एका शब्दात उरकलेल्या या बाया आहेत. त्यांची माहेरची नावं कुठल्याच रजिस्टरात नाहीत, पण ती माहीत असलेल्या लेकी-सुना अजून घरात आहेत. वही घेऊन बसा, गावाचं नाव विचारा, मग तालुका, मग त्या गावचा देशमुख कोण होता ते. आणि प्रत्येक ओळीपुढे हे कुणी सांगितलं, कोणत्या साली सांगितलं, तेही लिहा.